टेक्स्टने फोटो: अमेरिकेत आलेल्या आई-बाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की न्यू जर्सीत एडिसन, आयसलिनच्या घराघरांत भारतातून आई-बाबा येतात. पहिले चार दिवस झोपेचं गणित जमण्यात जातात आणि पाचव्या दिवशी फोनचे प्रश्न सुरू होतात. माझी आई आली तेव्हा तिच्या प्रश्नांची उत्तरं मी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली होती. मग शेजारच्या काकूंनी त्या कागदाचा फोटो मागितला, त्यांच्या व्याह्यांनीही मागितला. तोच कागद इथे नीट, सविस्तर लिहिला आहे.

व्हॉट्सॲप असताना टेक्स्टने फोटो पाठवायचाच कशाला?

आपल्याकडे नंबर मिळाला की माणूस व्हॉट्सॲपवर असणार हे आपण धरूनच चालतो. इथे तसं नाही. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत व्हॉट्सॲपचे महिन्याला १० कोटी वापरकर्ते झाल्याचं कंपनीने सांगितलं, पण देश ३३-३४ कोटींचा आहे. पलीकडच्या घरातली बाई, नातवाच्या मित्राची आई, गळका नळ बघायला येणारा माणूस, हे सगळे साधा टेक्स्टच करतात, म्हणजे फोनमधल्या मेसेजच्या ॲपमधून नंबरवर मेसेज पाठवतात. ‘तुमचं पार्सल चुकून आमच्या दाराशी ठेवलंय’ असं सांगत त्या खोक्याचा फोटो येतो, तोही टेक्स्टनेच. लेक आणि जावई कामावर गेल्यावर घरात तुम्हीच असता. तो फोटो तुम्हाला दिसला पाहिजे आणि उलट एक फोटो तुम्हाला पाठवता आला पाहिजे. दिवसभर कुणावर अवलंबून राहावं लागू नये यासाठी मला हे शिकवणं फार महत्त्वाचं वाटतं.

टेक्स्ट, एसएमएस, एमएमएस, आयमेसेज, आरसीएस: हे सगळं एकच का?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून हे उत्तर जरा सावकाश वाचा. बाकीचे निम्मे प्रश्न यातच सुटतात.

स्क्रीनवर एकच मेसेजचं ॲप दिसतं, पण फोटो तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतो. कुठल्या वाटेने जायचं हे बहुतेक वेळा फोनच ठरवतो, तुम्हाला विचारत नाही.

एसएमएस ही सगळ्यात जुनी वाट. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला आणि त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका एसएमएसमध्ये मावतात फक्त १४० बाइट. त्यात फोटो बसणं शक्यच नाही.

म्हणून २००२ च्या सुमारास एमएमएस आला. फोटो, आवाज, छोटा व्हिडिओ, कुणाचा नंबर, असं सगळं यातून जातं. ही फोन कंपनीची वाट आहे आणि जवळपास कुठल्याही फोनवर पोचते. मात्र ती अरुंद आहे. इथल्या मोठ्या कंपन्यांकडे एका एमएमएसची मर्यादा साधारण १ एमबीच्या आसपास असते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. फोनने काढलेला साधा फोटो २ ते ४ एमबीचा असतो. म्हणजे फोन तो आधी आवळतो आणि मग पाठवतो.

आयमेसेज ही ॲपलची स्वतःची वाट, २०११ पासूनची. आयफोनवरून आयफोनवर मेसेज गेला की मेसेजभोवतीचा फुगा निळा दिसतो आणि फोटो इंटरनेटवरून जातो. समोर अँड्रॉइड असेल तर फुगा हिरवा होतो.

आरसीएस ही त्यातली नवी वाट. अँड्रॉइडच्या ‘मेसेजेस’ ॲपमध्ये ती गुगलने रुजवली आणि २०२४ च्या सप्टेंबरात आयओएस १८ बरोबर आयफोनमध्येही आली. हीसुद्धा इंटरनेटवरून चालते, त्यामुळे फोटो चांगला पोचतो आणि मोठे व्हिडिओही जातात. दोन्ही फोनवर ती चालू हवी आणि फोन कंपनीनेही ती दिलेली हवी. यातलं एक जरी कमी पडलं तरी फोन मुकाट्याने जुन्या एमएमएसच्या वाटेला लागतो.

आपला मेसेज कुठल्या वाटेने चाललाय हे कळायला मेसेज लिहायच्या चौकोनात बघा. तिथे बारीक अक्षरांत इंग्रजीत आयमेसेज, आरसीएस किंवा टेक्स्ट मेसेज असं लिहिलेलं असतं. पाठवायच्या आधी तिथे एकदा नजर टाकायची सवय लावून घ्या.

आई म्हणते, एमएमएस हा शब्दच नको. तो वाईट असतो ना?

ही दचक मी अनेक घरांत पाहिली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. २००४ साली दिल्लीतल्या एका खासगी व्हिडिओच्या प्रकरणानंतर आपल्याकडच्या बातम्यांमध्ये या शब्दाला जो डाग लागला, तो अजून पुसलेला नाही. पण एमएमएस ही फक्त पद्धत आहे, जशी पोस्टाची पेटी. इथे शाळेच्या सहलीचा फोटोही त्याच वाटेने येतो. आईला हा शब्द जड जात असेल तर ‘फोटोचा टेक्स्ट’ म्हणा. इथली माणसंही बोलताना एमएमएस म्हणत नाहीतच.

फोटोच्या जागी नुसतं ‘डाउनलोड’ दिसतं आणि दाबलं तरी काही होत नाही. का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. एमएमएस एका झटक्यात येत नाही. पाठवणाऱ्याच्या फोनमधून फोटो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथून तुमच्या फोनला फक्त एक छोटी चिठ्ठी येते: ‘तुमच्यासाठी अमुक ठिकाणी फोटो ठेवलाय.’ मग तुमचा फोन तिथे जाऊन तो घेऊन येतो. चिठ्ठी यायला साधा सिग्नल पुरतो, पण फोटो आणायला मोबाइल डेटा लागतो. तो बंद असला की चिठ्ठी येते आणि फोटो तिकडेच राहतो.

आई आली त्या पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे हेच झालं. शेजारणीने बागेतल्या तुटलेल्या कुंपणाचा फोटो पाठवला होता. आईने पैसे वाचवायचे म्हणून डेटा बंद ठेवला होता, घरात वायफाय होतंच की! संध्याकाळी मी घरी आल्यावर फोटो उघडला, तोवर शेजारीण दोनदा दार वाजवून गेली होती. आईला अपराधी वाटत राहिलं. तिची चूक नव्हती. व्हॉट्सॲप वायफायवर चालतं तर हेही चालेल, असं कुणालाही वाटेल.

तेव्हा आधी मोबाइल डेटा चालू करा आणि पुन्हा ‘डाउनलोड’ दाबा. तरीही नाही झालं तर फोन एकदा बंद करून सुरू करा. त्यानेही नाही झालं, तर बहुधा एपीएनची, म्हणजे फोनने कंपनीच्या जाळ्याला कसं जोडायचं याची, सेटिंग चुकलेली असते. इथे मिळालेलं सिम भारतातून आणलेल्या फोनमध्ये घातलं की इंटरनेट चालतं, पण एमएमएसचे रकाने रिकामे राहतात, असं बऱ्याचदा होतं. तुमच्या कंपनीच्या मदतीच्या पानावर ‘एमएमएससी’, ‘प्रॉक्सी’ आणि ‘पोर्ट’ या तीन ओळी दिलेल्या असतात. त्या एकही टिंब न चुकवता भरायच्या. हे काम मुलांकडून करून घ्या, पाच मिनिटांचं आहे. आणि फार दिवस थांबू नका. सर्व्हरवर ठेवलेला फोटो काही दिवसांनी पुसला जातो आणि मग पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगावं लागतं.

आयफोनवर मेसेजच्या सेटिंगमध्ये ‘एमएमएस मेसेजिंग’ नावाचं बटण असतं. ते हिरवं आहे ना, तेही बघून घ्या.

आम्ही फक्त प्रवासाचं डेटा ई-सिम घेतलं आहे. त्यावर फोटोचा टेक्स्ट येईल का?

नाही. बहुतेक प्रवासी ई-सिम नुसत्या डेटाची असतात, त्यांना इथला नंबरच नसतो. नंबर नाही तर एसएमएसही नाही आणि एमएमएसही नाही. दोन-तीन आठवड्यांसाठी आला असाल तर ठीक आहे. चार-सहा महिने राहणार असाल तर नंबर असलेलं प्रीपेड सिम घ्या. इथल्या बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या देशात टेक्स्ट आणि फोटो अमर्याद असतात, वेगळे पैसे पडत नाहीत.

मग भारतातलं सिम काढून टाकू?

अजिबात नको. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ते दुसऱ्या खाचेत राहू द्या, मात्र त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा. अँड्रॉइडच्या मेसेजेसमध्ये ‘रोमिंगमध्ये असताना एमएमएस आपोआप डाउनलोड करा’ अशा अर्थाची एक सेटिंग असते, ती भारतीय सिमसाठी बंदच असू द्या. आणि शेजाऱ्यांना, शाळेला कायम इथलाच नंबर द्या.

इथून पुण्याला मावशीला टेक्स्टने फोटो पाठवला, तिला मिळाला नाही.

एका देशातून दुसऱ्या देशात एमएमएस पोचेलच असं नाही आणि पोचला तर पैसे वेगळे लागू शकतात. मावशीला व्हॉट्सॲपच करा. टेक्स्ट इथल्या माणसांसाठी ठेवा.

नातीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवला तर समोर नुसते रंगाचे ठिपके दिसले. फोन खराब आहे का?

फोन उत्तम आहे, वाट अरुंद आहे. आयफोनवर साध्या सेटिंगने काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ६० एमबीचा होतो. त्याला १ एमबीच्या पिशवीत कोंबायचं म्हटल्यावर साठातले एकोणसाठ भाग टाकून द्यावे लागतात. चेहरा जातो, घुंगरू जातात, उरतं ते धुकं. भरजरी नऊवारी नेसून नाचणाऱ्या नातीचं हे असं झालेलं बघून जीव हळहळतो.

यावर उपाय आहे. व्हिडिओ गुगल फोटोज किंवा आयक्लाउडवर ठेवायचा आणि टेक्स्टमधून नुसता दुवा पाठवायचा. दुवा म्हणजे अक्षरंच, ती कुठल्याही वाटेने जातात. समोरच्याने दाबलं की पूर्ण व्हिडिओ उघडतो. फक्त एक ध्यानात असू द्या: तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला व्हिडिओ दिसू शकतो. काम झालं की शेअरिंग बंद करा.

दोघांकडे आयफोन असेल किंवा दोघांकडे आरसीएस चालू असेल तर एवढं काही करावं लागत नाही. तरीही फोटो धुरकट जात असेल तर आयफोनच्या मेसेज सेटिंगमध्ये अगदी खाली ‘लो क्वालिटी इमेज मोड’ आहे, तो चालू नाही ना ते बघा. अँड्रॉइडवर फोटो भरभर पाठवण्यासाठी त्यांचा दर्जा उतरवणारी अशीच एक सेटिंग असते.

मी फोटो जोडलाच नव्हता, मराठीतच चार ओळी लिहिल्या होत्या. तरी तो एमएमएस का झाला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर आपल्या लिपीत आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिलं की ७०च बसतात, कारण आपल्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘विठ्ठल’ तीन अक्षरी शब्द, पण फोन मोजतो सहा: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. मजकूर ७० च्या पुढे गेला की फोन त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हं बसतात. तुकडे फार झाले की बरेच अँड्रॉइड फोन सरळ त्याचा एमएमएस करून टाकतात. इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी टाकला तरी मर्यादा १६० वरून ७० वर येते.

मराठीत लिहू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. लिहा. फक्त लांब पत्रासाठी एसएमएसची वाट वापरू नका.

एका ग्रुपमध्ये फोटो आला. मी ‘छान’ म्हटलं तर सगळ्यांना गेलं?

हो. एमएमएसचा ग्रुप व्हॉट्सॲपसारखा नसतो. त्याला ॲडमिन नाही, तुमचं उत्तर सगळ्यांना जातं आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्यातून बाहेर पडायचीही सोय नाही. फार तर आवाज बंद करता येतो. अँड्रॉइडवर एक पर्याय असतो, ज्याने प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस जातो. पण तो निवडलात तर सगळं संभाषण विस्कटतं. मी तरी त्याला हात लावत नाही.

पाठवलेला फोटो परत घेता येतो का? पोचला का, ते कसं कळणार?

एमएमएस सुटला की सुटला. आयमेसेज दोन मिनिटांच्या आत मागे घेता येतो, मात्र समोरचा आयफोन जुना असेल तर त्याच्याकडे फोटो तसाच राहतो. पोचल्याचं म्हणाल तर आयमेसेज आणि आरसीएसमध्ये मेसेजखाली तशी खूण येते. एमएमएसमध्ये बहुधा नुसतं ‘पाठवला’ एवढंच कळतं. महत्त्वाचं असेल तर फोन करून विचारा.

पासपोर्टचा फोटो टेक्स्टने मागितला आहे. पाठवू?

नको. यात मी कुणाचाही आग्रह ऐकत नाही.

एसएमएस आणि एमएमएसला कुलूप (एन्क्रिप्शन) नसतं, म्हणजे वाटेत कुणी बघू नये अशी सोय नसते. फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जसा आहे तसा असतो. ही नुसती शंका नाही. २०२४ मध्ये चीनशी संबंधित हॅकर अमेरिकेतल्या मोठ्या फोन कंपन्यांच्या जाळ्यात शिरल्याचं उघड झालं. त्यानंतर डिसेंबरात इथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेच दोन्ही टोकांना कुलूपबंद असलेली मेसेज सेवा वापरायचा सल्ला दिला. व्हॉट्सॲप, सिग्नल आणि आयमेसेज त्यात मोडतात. अँड्रॉइड ते अँड्रॉइड गुगल मेसेजेसच्या आरसीएसलाही कुलूप असतं आणि तिथे तशी छोटी खूण दिसते. आयफोन ते अँड्रॉइड आरसीएसला ते असेलच असं धरून चालू नका.

पासपोर्ट, व्हिसा, बँकेचा चेक, आधार, औषधांची चिठ्ठी, मुलांचा सोशल सिक्युरिटी नंबर, यातलं काहीही हिरव्या फुग्यातून पाठवायचं नाही. विम्याच्या एजंटने घाई केली तरी नाही. त्याला सांगा, संध्याकाळी मुलगा तुमच्या वेबसाइटवर चढवेल. घाई त्याची आहे, कागद तुमचा आहे.

टोल भरायचा राहिला म्हणून फोटोसकट मेसेज आला. आपण तर गाडीच चालवत नाही!

फसवणूक आहे. टोल वसूल करणाऱ्या ई-झेडपासच्या नावाने असे मेसेज इथे ढिगाने येतात. टोलच्या नावाखालच्या या फसवणुकीबद्दल एफबीआयने २०२४ च्या एप्रिलमध्ये इशारा दिला होता. यातली एक खोच समजून घ्या. अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजमधला दुवा आयफोन उघडू देत नाही. म्हणून ते लिहितात, ‘वाय असं उत्तर द्या आणि पुन्हा उघडा.’ तुम्ही उत्तर दिलंत की आयफोनला वाटतं ही ओळखीची व्यक्ती आहे आणि दुवा चालू होतो. तेव्हा उत्तरच द्यायचं नाही, ‘स्टॉप’सुद्धा नाही. मेसेज ७७२६ या नंबरवर फॉरवर्ड करा, मग पुसून टाका. बहुतेक मोठ्या कंपन्या या नंबरवर तक्रार घेतात.

अनोळखी नंबरवरून आलेला फोटो नुसता बघितला तर काही होतं का?

आजच्या अद्ययावत फोनवर भीती कमी आहे, पण ती पोकळ नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी सापडली होती. नुसता एमएमएस आला तरी, तो न उघडताही, फोनचा ताबा जाऊ शकत होता, कारण फोन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेत असे. ती त्रुटी दुरुस्त झाली. पण भारतातून आणलेला जुना फोन असेल आणि त्याला अपडेट येणं थांबलं असेल, तर ‘एमएमएस आपोआप डाउनलोड’ बंद ठेवलेलं बरं. ओळखीचं नाव दिसलं की हाताने दाबून घ्या.

हातावर पुरळ आलं आहे. क्लिनिकच्या नंबरवर फोटो पाठवू?

अपॉइंटमेंटची आठवण ज्या नंबरवरून येते तो बहुधा यंत्राचा असतो, तिथे कुणी फोटो बघत नाही. क्लिनिकचं स्वतःचं पोर्टल असतं, फोटो तिथे चढवायचा. रुग्णाची माहिती जपण्याबाबत इथे १९९६ चा हिपा कायदा आहे, त्यामुळे क्लिनिकवालेही तेच सांगतील.

९११ ला फोटो पाठवता येतो का?

नाही असंच धरा. अनेक ठिकाणी ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, अक्षरांचा टेक्स्ट जातो, सगळीकडे नाही. त्याला फोटो, व्हिडिओ जोडू नका आणि ग्रुपमधूनही पाठवू नका. बोलता येत असेल तर फोनच करा. इंग्रजी जमत नसेल तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढं तरी म्हणा, दुभाषा मागता येतो. पत्ता मात्र तोंडपाठ हवा. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर तो सगळ्यात वर लिहिला होता.

नातवाच्या वाढदिवसाचे फोटो सगळ्या पालकांना पाठवू का?

नातवाचे पाठवा. दुसऱ्या मुलांचे पाठवण्याआधी त्यांच्या आई-वडिलांना विचारा. काही घरांना ते अजिबात चालत नाही. आणखी एक: फोटोच्या पोटात तो कुठे काढला ते ठिकाण लपलेलं असतं. एमएमएस आवळताना ते बहुधा गळून पडतं, पण आयमेसेजमधून ते तसंच जाऊ शकतं. आयफोनवर फोटो निवडून शेअर दाबलं की वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, तिथे लोकेशन बंद करा.

आता परत निघालो. इथलं सिम टाकून दिलं तर चालेल?

टाकण्याआधी तीन कामं करा. शाळेच्या आणि शेजारच्या ग्रुपमधून तुमचा नंबर काढायला सांगा, कारण काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग नातवंडांचे फोटो परक्याकडे जायला लागतात. आयफोन असेल तर आयमेसेजमधून तो नंबर काढा. आधीच सिम गेलं असेल तर ॲपलच्या वेबसाइटवरही नोंदणी रद्द करता येते.

तिसरं, फोटो उतरवून घ्या. टेक्स्टने आलेले फोटो मेसेजमध्येच पडून असतात, सगळे आपोआप गॅलरीत जात नाहीत, आणि फोन कंपनीकडे त्यांची प्रत मागून मिळत नाही. आई निघाली त्या रात्री आम्ही दोघी सोफ्यावर बसून शेजारणीचं संभाषण अगदी सुरुवातीपर्यंत वर सरकवत गेलो. फोटोवर बोट दाबून धरायचं, ‘सेव्ह’ करायचं, मग पुढचा. एकेचाळीस निघाले. पहिला त्या तुटलेल्या कुंपणाचाच होता, तोही तिने ठेवून घेतला.